साईड देणे म्हणजे हरणे नव्हे

संस्थेच्या स्मरणिकेत महामार्गावरच्या लेनचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. आपण उपनगरातली माणसे दोन महामार्गांच्या आधाराने जगतो. अंधेरी, गोरेगाव, कांदिवली, बोरिवलीची मंडळी पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला, तर घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडची मंडळी पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला. आपल्या सभासदांपैकी कितीतरी जण रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, शाळेची बस चालवून घर चालवतात. आपली मुले अठरा वर्षे पूर्ण होताच लायसन्स काढतात आणि मोटारसायकलवरून कामाला जातात. म्हणजे हा रस्ता आपल्या रोजीरोटीचा आहे, आणि तो आपल्या जिवाशीही येतो.

मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये क्लच, गिअर, ब्रेक शिकवतात. आर.टी.ओ.च्या मैदानात आठचा आकडा काढून दाखवला की परीक्षा पार पडते. परंतु आपल्यापेक्षा जोरात येणाऱ्याशी कसे वागावे आणि आपल्यापेक्षा सावकाश जाणाऱ्याशी कसे वागावे, हे फारसे कोणी शिकवत नाही. महामार्गावर खरी परीक्षा तिथेच असते. मला हा धडा बऱ्याच उशिरा मिळाला. आधी तोच सांगतो.

माझा एक प्रवास

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका लग्नासाठी आम्ही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने पुण्याला निघालो होतो. गाडीत पत्नी, दोन मुले आणि माझे मामा होते. मामांनी एस.टी.त तीस वर्षे गाडी चालवली होती. पनवेल सोडल्यावर मी गाडी सर्वांत उजव्या लेनमध्ये घेतली आणि ताशी ऐंशीच्या आसपास चालवू लागलो. मधली लेन बराच वेळ मोकळी होती, पण उजवीकडून जाणे मला सोयीचे वाटत होते. कोणी मध्ये येत नव्हते.

थोड्या वेळाने मागून एक जीप आली. तिने डिपर मारला, हॉर्न वाजवला. मी सरकलो नाही. मनात म्हटले, मी वेगमर्यादेत आहे, रस्त्याचा टोल मीही भरला आहे, याला एवढी घाई असेल तर याने घरून लवकर निघायला हवे होते. तो आणखी जवळ आला. मी आणखी हट्टाला पेटलो. असे दोन-तीन किलोमीटर झाले असतील. मग त्याने एकदम डावीकडे मधल्या लेनमध्ये उडी घेतली. त्या लेनमध्ये पुढे एक ट्रेलर होता. ट्रेलरची मागची बाजू आणि माझे बॉनेट यांच्यामध्ये जेमतेम एका गाडीची जागा होती. त्या जागेतून जीप माझ्यापुढे घुसली. मी जोरात ब्रेक दाबला. माझ्या मागून येणाऱ्या गाडीचे टायर किंचाळले. सुदैवाने कोणी कोणाला लागले नाही. मागच्या सीटवर मुले रडू लागली.

पुढे चहाला थांबलो तेव्हा मी त्या जीपवाल्याला यथेच्छ नावे ठेवत होतो. मामा शांतपणे बशीत चहा ओतत होते. मी विचारले, "मामा, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?"

मामा म्हणाले, "तो चुकलाच, त्यात वाद नाही. पण तू त्याला अडवून धरलंस. तुझा वेग बरोबर होता, जागा चुकीची होती. मधली लेन रिकामी असताना तू उजवीकडे कशाला बसलास? अरे, एस.टी.त मी रोज पन्नास जणांना साईड द्यायचो. त्यातला एकही माझ्या घरी येऊन 'तू हरलास' असं म्हणाला नाही."

त्या दिवशी जे काही झाले असते, त्याचा पंचनामा पोलिसांनी जीपवाल्याच्या नावावर केला असता. पण माझ्या मुलांना त्या पंचनाम्याचा काय उपयोग झाला असता?

लेन कशासाठी असते?

रस्त्यावरचे सगळे एकाच वेगाने गेले असते तर लेनचा प्रश्नच आला नसता. बैलगाड्यांच्या रांगेत ओव्हरटेक नसतो. आपल्याकडे मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. त्याआधी अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी, बस आणि ट्रक यांच्या वेगात आजच्याएवढा फरक नव्हता. पुढे दर वर्षी जास्त ताकदीच्या गाड्या येत गेल्या. भरलेला ट्रक मात्र चढावर अजूनही सावकाशच चढतो. म्हणजे एकाच रस्त्यावर ताशी तीस आणि ताशी शंभर हे दोन वेग एकत्र आले. दोन वाहनांच्या वेगात जितका फरक जास्त, तितकी धडकेची शक्यता जास्त. हा फरक सांभाळण्यासाठी रस्ता पट्ट्यांनी वाटून दिलेला असतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा असून २००२ मध्ये तो पूर्णपणे खुला झाला. त्यावर प्रत्येक दिशेला तीन लेन आहेत. डावी लेन ट्रक, ट्रेलर अशा अवजड वाहनांसाठी. मधली लेन मोटारींसारख्या हलक्या वाहनांच्या नेहमीच्या चालीसाठी. उजवी लेन फक्त ओव्हरटेक करण्यासाठी. ओव्हरटेक झाला की पुन्हा मधल्या लेनमध्ये यायचे. उजवी लेन "फास्ट लेन" आहे असे आपण बोलताना म्हणतो, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. ती जोरात जाणाऱ्याच्या मालकीची नाही आणि माझ्यासारख्या सोयीने बसणाऱ्याच्याही मालकीची नाही. ती थोड्या वेळासाठी उसनी घ्यायची आणि परत करायची.

हा केवळ शिष्टाचार नाही, कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याखाली १९८९ मध्ये रस्त्याचे नियम झाले आणि २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे ड्रायव्हिंग नियम आले. दोन्हींचे सार एकच आहे. शक्य तितके डावीकडून चालावे. ओव्हरटेक उजवीकडून करावा. लेन बदलण्यापूर्वी इशारा द्यावा. पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर ठेवावे. आणि ज्याला कोणी ओव्हरटेक करीत आहे, त्याने आपला वेग वाढवू नये किंवा त्याला अडवू नये.

१९८९ च्या नियमांत हाताच्या इशाऱ्यांची यादी होती. उजवा हात खिडकीबाहेर आडवा काढून मागून पुढे अर्धगोल हलवायचा, याचा अर्थ "मागच्या दादा, तू खुशाल पुढे जा." म्हणजे साईड देण्यासाठी कायद्याने खास खूण ठरवून दिली होती. जुन्या ड्रायव्हर लोकांना ती पाठ होती. आज खिडक्यांच्या काचा बंद असतात, एसी चालू असतो, आणि ती खूण विसरली गेली आहे.

मागून जोरात येणारा

आरशात मोठी होत जाणारी गाडी दिसली की काय करावे? सर्वांत आधी, तो आपला अपमान करीत नाही हे मनाला सांगावे. त्याला कदाचित दवाखाना गाठायचा असेल, कदाचित तो केवळ उतावळा असेल. कारण काहीही असो, तो आपल्या मागे राहण्यापेक्षा पुढे गेलेला आपल्याला जास्त सुरक्षित आहे. पुढे गेलेल्या उतावळ्यावर आपल्याला लक्ष ठेवता येते. मागे चिकटलेल्यावर ठेवता येत नाही.

मग क्रम असा. डावा आरसा पाहा. मान किंचित वळवून डावीकडचा आरशात न दिसणारा कोपरा पाहा. डावा इंडिकेटर द्या. जागा असेल तर सावकाश डावीकडे या. डावीकडे जागा नसेल, म्हणजे आपणच एखाद्या ट्रकला ओव्हरटेक करीत असू, तर घाबरून डावीकडे घुसू नका. आपला ओव्हरटेक नेहमीच्या वेगाने पूर्ण करा आणि मग साईड द्या. तोवर मागच्याने थांबणे हे त्याचे काम आहे.

तीन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. एक, मागच्याला धडा शिकवण्यासाठी ब्रेक दाबू नये. त्यात आपलाच पाठीमागचा भाग आणि मागच्या सीटवरची आपलीच माणसे धोक्यात येतात. दोन, तो बाजूने जाऊ लागला की आपला वेग वाढवू नये. त्यामुळे दोघेही जास्त वेळ समांतर धावतात आणि पुढे अडथळा आला तर दोघांनाही जागा उरत नाही. तीन, तो पुढे गेल्यावर त्याचा पाठलाग करू नये.

येथे एक शंका रास्त आहे. जोरात जाणारा कायदा मोडत असेल तर आपण त्याला वाट का द्यावी? कारण वेग मोजणे आणि दंड करणे हे काम आपले नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांच्या यंत्रणेद्वारे ई-चलान जाऊ लागले. ज्याला चलान जायचे त्याला जाईल. आपण आपली गाडी त्याच्यासमोर आडवी धरून कायद्याचे रक्षण होत नाही, फक्त एका गुन्ह्याचे दोन धोके होतात.

पुढे सावकाश जाणारा

आता बाजू उलटी करू. आपण जोरात आहोत आणि पुढचा सावकाश आहे. येथे आपण सगळे न्यायाधीश होतो. "याला गाडी चालवता येत नाही," असे चटकन म्हणतो. पण सावकाश जाणाऱ्यालाही रस्त्यावर तितकाच हक्क आहे. त्याच्या ट्रकमध्ये वीस टन माल असेल. त्याने कालच लायसन्स घेतले असेल. गाडीत बाळंतीण असेल. कदाचित त्याच्या पुढे काही अडथळा असेल, जो त्याला दिसतो आहे आणि आपल्याला दिसत नाही.

घाटातले एक उदाहरण घेऊ. खंडाळ्याच्या चढावर एक ट्रक ताशी ३० किलोमीटरने चढतो आहे. दुसरा ट्रक ३२ ने चढतो आहे आणि त्याने ओव्हरटेकला सुरुवात केली आहे. दोघांच्या वेगात ताशी फक्त २ किलोमीटरचा फरक. पुढचा-मागचा मोकळा भाग धरून दुसऱ्या ट्रकला सुमारे ६० मीटर जास्त अंतर कापावे लागते. हिशेब केला तर त्याला जवळजवळ १०८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सुमारे ९६० मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरभर मागची सगळी रांग अडकते. मागच्यांना वाटते हा मुद्दाम अडवतो आहे. ट्रकवाल्याला वाटते मी तर ओव्हरटेकच करतो आहे. दोघांनीही हा हिशेब केलेला नसतो. अवजड वाहनांनी घाटात डावी लेन सोडू नये, या नियमाचे कारण हेच आहे.

अशा वेळी मागच्या मोटारीने काय करावे? अंतर ठेवावे, रात्र असेल तर एकदा डिपर द्यावा आणि वाट पाहावी. डिपरबद्दलही एक सावधगिरी हवी. आपल्याकडे त्याचे दोन अर्थ होतात. कोणी "तू ये" म्हणून डिपर देतो, तर कोणी "मी थांबणार नाही" म्हणून देतो. ट्रकच्या उजव्या इंडिकेटरचेही तसेच. कधी त्याचा अर्थ "पुढे जा" असतो, तर कधी "मी उजवीकडे वळतोय" असतो. म्हणून दुसऱ्याच्या दिव्यावर विसंबून ओव्हरटेक करू नये. स्वतःच्या डोळ्यांना रस्ता मोकळा दिसला तरच करावा.

ट्रकच्या मागे चिकटून चालणे ही आणखी एक घातक सवय. तुम्हाला ट्रकचा बाजूचा आरसा दिसत नसेल, तर ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. ट्रकच्या डाव्या बाजूला, केबिनच्या अगदी जवळचा भाग त्याला सर्वांत कमी दिसतो. आपली मोटारसायकलवाली मुले नेमकी त्याच जागेतून पुढे काढतात. ट्रक किंवा डंपर डावीकडे वळला की मग सावरायला वेळ उरत नाही.

डावीकडून ओव्हरटेक करण्याचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण उजवी लेन कोणीतरी अडवून धरलेली असते. पण उजवीकडे बसलेल्याला साईड द्यायची वेळ येते तेव्हा तो डावीकडेच सरकतो. नेमके त्याच क्षणी आपण तिथे असलो तर? पुढचा उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्यभागी गेला असेल, तेव्हा डावीकडून पुढे जाण्यास जुन्या नियमांतही मुभा होती. नुसत्या उतावळेपणासाठी ती मुभा नाही.

अंतराचा आणि वेळेचा हिशेब

विद्यार्थ्यांनी हा भाग वहीत उतरवून घ्यावा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. ताशी ८० म्हणजे २२ मीटर. ताशी १०० म्हणजे जवळजवळ २८ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी तितके मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगळे. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले, तर मोटार पूर्ण थांबायला ताशी ६० ला सुमारे ३७ मीटर, ८० ला सुमारे ५७ मीटर आणि १०० ला सुमारे ८३ मीटर लागतात. ६० वरून १०० वर गेल्यावर वेग दुपटीलाही पोचत नाही, पण थांबण्याचे अंतर दुपटीच्या वर जाते. याचे कारण शाळेत शिकलेलेच आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पावसात हे अंतर आणखी वाढते, आणि आपल्या पावसाळ्याबद्दल वेगळे सांगायला नको.

मीटर मोजत गाडी चालवता येत नाही, म्हणून एक सोपी युक्ती आहे. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात "एक हजार एक, एक हजार दोन" असे म्हणायचे. ते म्हणून व्हायच्या आत आपण त्या खांबापाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात किंवा रात्री "एक हजार चार"पर्यंत मोजावे.

आता घाई करून वाचते किती ते पाहू. दहिसर नाक्यापासून वांद्र्यापर्यंतचा पश्चिम द्रुतगती महामार्ग सुमारे २५ किलोमीटर. रस्ता पूर्ण मोकळा आहे असे धरले, जो तो क्वचितच असतो, तर ताशी ६० ने २५ मिनिटे लागतात आणि ७० ने साडेएकवीस. वाचली ती साडेतीन मिनिटे. ती अंधेरीच्या एका सिग्नलला जातात. या साडेतीन मिनिटांसाठी दहा वेळा लेन बदलायची का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आपल्या उपनगरातला महामार्ग

नाव द्रुतगती असले तरी आपले दोन्ही महामार्ग पुण्याच्या द्रुतगती मार्गासारखे नाहीत. तिथे रिक्षा, मोटारसायकल, ट्रॅक्टर यांना मनाई आहे. इथे रिक्षा, मोटारसायकली, बेस्टच्या बसेस, सर्व्हिस रोडवरून आत येणाऱ्या गाड्या आणि रस्ता ओलांडणारी माणसे, सगळेच आहेत. म्हणून इथे डावी लेन सतत थांबती-चालती असते. रिक्षावाल्याने डावीकडे राहावे हे खरे, पण मोटारवाल्यानेही हे समजून घ्यावे की बस स्टॉपवर बस थांबली की रिक्षाला थोडे उजवीकडे यावेच लागते. तेव्हा हॉर्न न वाजवता वेग कमी करावा. दोन सेकंदांचे काम असते.

इथे सर्वांत जास्त गोंधळ उड्डाणपुलांच्या तोंडाशी होतो. वर जायचे की खाली, हे पुलाच्या टोकापाशी पोचल्यावर ठरवणारे बरेच असतात. बोरिवलीकडून येऊन जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला वळायचे असेल, किंवा मुलुंडकडून येऊन घाटकोपरला खाली उतरायचे असेल, तर निदान अर्धा किलोमीटर आधी एकेक लेन करीत डावीकडे यावे. एका दमात उजवीकडून तीन लेन कापून वळणाऱ्याला आपण "कट मारला" म्हणतो आणि त्यात शौर्य मानतो. वळण चुकले तर पुढच्या ठिकाणाहून परत यावे. पाच-दहा मिनिटे जातील, बाकी काही जाणार नाही.

दहिसरच्या पुढे हाच पश्चिम महामार्ग अहमदाबादकडे जातो. त्याच रस्त्यावर पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरच्या पुलाच्या कठड्याला धडकून ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा आणि त्यांच्या एका सहप्रवाशाचा मृत्यू झाला. पुलाजवळ तीन लेनच्या दोन होतात. मागच्या सीटवरच्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्याच्या आधी तीन आठवडे, १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे, विधान परिषदेचे माजी सदस्य विनायक मेटे यांची गाडी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढच्या अवजड वाहनाला धडकली आणि त्यांचा मृत्यू झाला. दोन्ही गाड्या भारी होत्या. लेन जिथे कमी होते आणि वेगाचा फरक जिथे जास्त असतो, तिथे भारी गाडीही वाचवतेच असे नाही.

हे केवळ मोठ्या माणसांपुरते नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांहून अधिक बळी गेले. यातल्या बहुतेक घरांत कमावता हात गेला. ती घरे आपल्यासारखीच होती.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटर लांबीने पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा आहे. म्हणजे आपल्या मुलांच्या वाट्याला आलेला वेगातला फरक आपल्या वेळेपेक्षा मोठा आहे. लेनची शिस्त त्यांना आपल्यापेक्षा जास्त लागणार आहे.

कायद्यातले चार मुद्दे

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये सुधारणा झाली. प्रत्येकाला माहीत असावेत असे चार मुद्दे देतो.

लेनचे व रस्त्याचे नियम मोडल्यास कलम १७७-अ प्रमाणे ५०० ते १,००० रुपये दंड होऊ शकतो.

धोकादायक ड्रायव्हिंगसाठी कलम १८४ आहे. कायद्याविरुद्ध ओव्हरटेक करणे आणि उलट दिशेने गाडी चालवणे या गोष्टी त्यात येतात. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

रुग्णवाहिका, अग्निशमन दलाची गाडी यांना वाट न दिल्यास कलम १९४-ई प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

अपघातग्रस्ताला सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चे संरक्षण आहे. पोलिसांच्या भानगडीत पडायला नको म्हणून जखमीला टाकून जाण्याचे आता काही कारण नाही.

आपण काय करू शकतो?

आपण दरवर्षी एकत्र प्रवास करतो. ६ डिसेंबरला दादरला, १ जानेवारीला भीमा-कोरेगावला जीप, टेम्पो, बस भाड्याने घेऊन जातो. लग्नाकार्याला, सहलीला जातो. अशा वेळी ड्रायव्हरला "दादा, जरा दाबा, उशीर होतोय" असे म्हणणारे आपणच असतो. पुढच्या खेपेस त्याऐवजी अर्धा तास आधी निघावे आणि ड्रायव्हरला सांगावे, "सावकाश घ्या, घाई नाही." ड्रायव्हर रात्रभर जागा असेल तर त्याच्याशेजारी एखादा जाणता माणूस बसवावा. टपावर आणि मागच्या फळीवर मुलांना बसू देऊ नये.

विद्यार्थी मित्रांनी घरातल्या, शेजारच्या जुन्या ड्रायव्हर मंडळींना एकदा विचारावे, "काका, तुम्ही इतकी वर्षं अपघाताशिवाय गाडी कशी चालवलीत?" जे उत्तर मिळेल ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. त्यातले बहुतेक जण आरसा, अंतर आणि साईड या तीन शब्दांत उत्तर देतील.

आमचे मामा आता नाहीत. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी डेपोत छोटासा समारंभ झाला होता, तेव्हा त्यांना दोन शब्द बोलायला सांगितले. भाषणाची सवय नसलेला तो माणूस म्हणाला, "मी जेवढे प्रवासी चढवले, तेवढे उतरवले." आणि खाली बसले. आजही मी महामार्गावर उजव्या लेनमध्ये जातो, ओव्हरटेक करतो आणि परत डावीकडे येतो. मागून कोणी आला की साईड देतो. पुढे गेलेला कधीकधी हात वर करून दाखवतो, बहुतेक वेळा दाखवत नाही. संध्याकाळी घरी पोचल्यावर गाडीतून जेवढे चढले तेवढे उतरतात, एवढे मात्र मी मोजतो.